अतिहुशार मुलं मोठी होऊन काय करतात? शंभर वर्षांचे अभ्यास काय सांगतात

अवनी (मूळ लेख)

शिष्यवृत्तीचे निकाल लागले की दरवर्षी इथे एक तरी धागा निघतो, "मुलगी फार हुशार आहे, पुढे काय करावं?" सल्ले भरपूर येतात. शेजारच्यांचा मुलगा, नात्यातली भाची, कोणाचा तरी कॉलेजातला मित्र. पण अशी शेकडो मुलं लहानपणीच हेरून, आयुष्यभर त्यांची विचारपूस करत राहून, त्यांचं पुढे काय झालं हे नोंदवणारे अभ्यास झाले आहेत. मराठीत त्यांच्याबद्दल फारच थोडं वाचायला मिळतं. मला जे महत्त्वाचं वाटलं ते मांडते, तुम्ही भर घाला.

सुरुवात लुइस टर्मन यांच्यापासूनच करायला हवी. ते स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी जी चाचणी तयार केली होती, तिची अमेरिकन आवृत्ती टर्मन यांनी १९१६ साली काढली. तीच स्टॅनफर्ड-बिने. मागे पडणाऱ्यांसाठी बनवलेली चाचणी त्यांनी पुढे असणाऱ्यांसाठी वापरली आणि १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शाळांतून मुलं निवडायला सुरुवात केली. अखेर १५२८ मुलं जमली, ८५६ मुलगे आणि ६७२ मुली. बहुतेकांचा बुद्ध्यंक १४० किंवा त्याहून जास्त.

निवड कशी झाली हे बघण्यासारखं आहे. प्रत्येक वर्गशिक्षकाला विचारलं जाई की तुमच्या वर्गातली सगळ्यात बुद्धिमान मुलं कोणती, आणि वयाने सगळ्यात लहान मूल कोणतं. ज्यांची नावं आली त्यांची चाचणी. यातून गंमत अशी निघाली की शिक्षकांनी "सगळ्यात हुशार" म्हणून सांगितलेल्या मुलापेक्षा वर्गातलं वयाने सगळ्यात लहान मूलच जास्त वेळा चाचणीतून निवडलं गेलं. शिक्षकाचं मत घेण्यापेक्षा हजेरीपटावरची जन्मतारीख पाहिलेली बरी, अशा अर्थाचं टर्मन यांनीच लिहून ठेवलंय. मला हा सगळ्या प्रकल्पातला फार मोलाचा तपशील वाटतो. शिक्षकाला नीटनेटकं, हात वर करणारं, सांगितलेलं ऐकणारं मूल हुशार वाटतं. वयाने लहान असूनही वरच्या वर्गाचा अभ्यास गप्पपणे पेलणारं मूल त्याच्या नजरेत भरत नाही.

त्या काळी समज असा होता की अतिहुशार मूल किडकिडीत, आजारी आणि एकलकोंडं असतं आणि पुढे त्याचं डोकं फिरतं. टर्मन यांनी मुलांची उंची, वजन, प्रकृती सगळं तपासलं. मुलं बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी सुदृढच निघाली, मनानेही सावरलेली. हा समज मोडला हे या अभ्यासाचं निर्विवाद श्रेय. दर काही वर्षांनी प्रश्नावल्या जात राहिल्या. १९५६ मध्ये टर्मन वारले. त्यानंतर १९५९ मध्ये त्यांच्या सहकारी मेलिटा ओडेन यांनी या अभ्यासावरच्या ग्रंथमालेचा पाचवा खंड पुरा केला आणि त्यापुढेही स्टॅनफर्डने काम थांबवलं नाही.

आता मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला तो भाग. १९४० च्या सुमारास टर्मन यांनी आपल्या गटातले पुरुष घेऊन त्यांतले सर्वांत यशस्वी १५० आणि सर्वांत कमी यशस्वी १५० असे वेगळे काढले. पहिल्यांना 'अ' गट, दुसऱ्यांना 'क'. लहानपणीच्या बुद्ध्यंकात दोन्ही गटांत फरक जवळजवळ नव्हताच. पण 'अ' गटातल्या ९० टक्क्यांनी पदवी घेतली होती, 'क' गटात फक्त ३७ टक्क्यांनी. आणि 'क' गटातले ६८ टक्के कॉलेजात गेले होते, म्हणजे बरेच जण अर्ध्यावर सोडून आले. दोन गटांना वेगळं पाडणाऱ्या स्वभावातल्या गोष्टी चार निघाल्या: हाती घेतलेलं तडीला नेण्याची चिकाटी, भरकटत न राहता एका दिशेने जाणं, आत्मविश्वास आणि न्यूनगंड नसणं. 'अ' गटातल्या मुलांचे वडील जास्त शिकलेले होते हेही दिसलं. बुद्धी आणि कर्तृत्व यांचा संबंध पूर्ण नाही, असा निष्कर्ष खुद्द टर्मन यांना लिहावा लागला. ज्यांनी आयुष्यभर बुद्ध्यंकावर श्रद्धा ठेवली त्यांच्या लेखणीतून हे आलं, म्हणून त्याला जास्त वजन आहे.

आपल्याकडे मूल हुशार आहे हे ठरवण्यात सगळी शक्ती खर्च होते. ठरल्यानंतर त्याला रोज त्याच्या कुवतीचं काम कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो. माझं सगळं म्हणणं इतकंच आहे.

---

बोरकूट

लेख आवडला. एक भर घालतो. या चाचणीत निवड न झालेली दोन मुलं पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते झाली. विल्यम शॉकली (१९५६, ट्रान्झिस्टर) आणि लुइस अल्वारेझ (१९६८). दोघांचीही त्या वेळी चाचणी झाली होती आणि दोघेही कट-ऑफखाली राहिले. निवडलेल्या १५२८ मधून मात्र एकही नोबेल आलं नाही.

---

अवनी

हो बोरकूट, हे उदाहरण नेहमी दिलं जातं आणि खरं आहे. पण त्यावरून "चाचणीला काही अर्थ नाही" इथवर जाऊ नये असं मला वाटतं. नोबेल ही इतकी विरळा गोष्ट आहे की दीड हजार मुलांत एकही न निघणं हे नवल नाही. त्या गटातून लॉस अलामॉस या अण्वस्त्र प्रयोगशाळेचे संचालक नॉरिस ब्रॅडबरी निघाले, आहारावरच्या संशोधनासाठी गाजलेले अॅन्सेल कीज निघाले, मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख निघाले. शॉकली-अल्वारेझ यांच्यावरून एवढंच म्हणता येतं की एका दिवसाच्या एका चाचणीवर दार बंद करू नये.

---

मास्तर_कोल्हापूर

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो धाग्यात यायलाच हवा. टर्मन सुजननवादी होता. कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत हे ठरवू पाहणाऱ्या संघटनांत तो होता. मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन मुलांच्या बुद्धीबद्दल त्याने १९१६ च्या पुस्तकात जे लिहिलं ते वाचवत नाही. आणि मग त्याच्या गटात कोण होतं? जवळजवळ सगळी गोरी, शहरी, मध्यमवर्गीय घरांतली मुलं. त्याची स्वतःची दोन मुलंही त्यातच.

त्यात भर म्हणजे तो नुसता निरीक्षक राहिला नाही. या मुलांसाठी शिफारसपत्रं लिहिली, विद्यापीठात प्रवेश मिळवून द्यायला मदत केली. माणूस म्हणून चांगलं केलं, पण मग यश बुद्धीचं किती आणि टर्मनच्या पत्राचं किती? पितिरिम सोरोकिन या समाजशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच म्हटलं होतं की तशाच घरांतली कुठलीही मुलं उचलली असती तरी असंच चित्र दिसलं असतं.

अवनीताई, तुम्ही 'अ' आणि 'क' गटातला वडिलांच्या शिक्षणाचा मुद्दा एका वाक्यात उरकलात. मला तोच मुख्य वाटतो. मी ज्या शाळेत शिकवतो तिथे उसतोड कामगारांची मुलं येतात, ऑक्टोबरात जातात, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्यांच्यात एक मुलगा असा आहे की फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज मांडायच्या आत तोंडी उत्तर देतो. गेल्या वर्षी परत आला तेव्हा भागाकार विसरला होता. त्याची चाचणी कोण घेणार, आणि घेतली तर एप्रिलमध्ये घेणार का सप्टेंबरात?

---

अवनी

मास्तर, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. सोरोकिनचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे, कारण टर्मन यांच्याकडे तुलनेसाठी त्याच थरातला, सामान्य बुद्ध्यंकाचा दुसरा गट नव्हता. तुमच्या त्या मुलाबद्दल अजून लिहा ना.

---

शर्वरी_मानस

मी बालमानसशास्त्राची प्रॅक्टिस करते. मास्तरांच्या प्रश्नाशी जोडून सांगते, ही चाचणी मराठी मुलांपर्यंत पोचलेली आहे, पण दुसऱ्या टोकाने. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचं कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. आपण जिला बिने-कामत चाचणी म्हणतो ती हीच. आज माझ्याकडे ती मुख्यतः शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी, दाखल्यासाठी, सवलतीसाठी वापरली जाते, म्हणजे बिने यांनी ज्यासाठी केली होती त्याच कामासाठी.

मूल समोर बसतं. आकडे सांगायचे, त्याने तसेच म्हणायचे. मग उलटे म्हणायचे. शब्दांचे अर्थ, दोन वस्तूंतलं साम्य, चित्रात काय चुकलंय. तासाभरात मूल दमतं. काही मुलं उलटे आकडे म्हणताना डोळे मिटून घेतात, काही बोटांवर मोजतात, आणि मला त्या आकड्यापेक्षा हे पाहणं जास्त उपयोगाचं वाटतं. पण आईवडिलांना आकडा हवा असतो. चार पानांच्या अहवालातला तेवढा एक आकडा वाचून ते उठतात.

त्यावरून जोन फ्रीमन यांच्या अभ्यासाची आठवण करून देते. ब्रिटनमध्ये त्यांनी १९७४ मध्ये २१० मुलं घेतली. ७० मुलं अशी की ज्यांच्या आईवडिलांनी त्यांना 'प्रतिभावान' ठरवून तशा पालकसंघटनेत नाव घातलं होतं. ७० मुलं तितक्याच कुवतीची, पण शिक्का न बसलेली. आणि ७० कुठलीही. मास्तर ज्या तुलनेची मागणी करताहेत ती इथे आहे. शिक्का बसलेल्या मुलांना भावनिक अडचणी जास्त होत्या, आणि सारख्याच कुवतीच्या बिनशिक्क्याच्या मुलांना त्या नव्हत्या. मुलांची बुद्धी तीच होती, घरातलं वातावरण वेगळं होतं. फ्रीमन यांनी या मुलांचा मागोवा पस्तीसेक वर्षं घेतला.

---

सई_आई

शर्वरीताई, वाचून पोटात गोळा आला. माझी मुलगी पाचवीत आहे. गणिताच्या तासाला झोपते असं बाईंनी सांगितलं. घरी सातवीची गणितं हौसेने सोडवते. नवरा म्हणतो एक इयत्ता वर बसवू या, सासूबाई म्हणतात मुलगी मोठ्या मुलांत बुजेल. शिक्का बसवायचा नाही हे पटलं. पण मग करायचं काय? वर्गात झोपू द्यायची?

---

दूरदेशी

सई_आई, तुमच्या प्रश्नावर पन्नास वर्षांचा अभ्यास आहे. मी बाल्टिमोरजवळ राहतो, म्हणून याबद्दल थोडं जास्त वाचलं गेलं.

१९६८ च्या उन्हाळ्यात जोसेफ बेट्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संगणकाच्या कोर्सला येऊन बसला. मोठ्यांच्या पुढे निघून गेला आणि मग वेळ जावा म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकवू लागला. त्याच्या शिक्षिकेने तिथले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांना कळवलं. स्टॅन्ली यांनी त्याला सॅट दिली, म्हणजे बारावीची मुलं कॉलेज प्रवेशासाठी देतात ती परीक्षा. मुलगा विद्यापीठाच्या प्रवेशाच्या रेषेच्या बराच वर गेला. आसपासच्या शाळा त्याला वरच्या वर्गाचे विषय द्यायला तयार होईनात, तेव्हा तेराव्या वर्षी त्याला थेट विद्यापीठातच घेतलं. पुढे तो संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्यातून १९७१ मध्ये गणिती प्रतिभा असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. स्टॅन्ली यांची युक्ती साधी होती. पाचवी-सातवीच्या मुलाला त्याच्याच इयत्तेचा पेपर दिला तर हुशार आणि अतिहुशार दोघांनाही शंभरपैकी शंभर पडतात, फरक दिसतच नाही. वरच्या वयाचा पेपर दिला की दिसतो. आज हे काम व्हँडरबिल्ट विद्यापीठात कॅमिला बेनबो आणि डेव्हिड लुबिन्स्की बघतात, पाच गटांत मिळून पाच हजारांहून जास्त माणसं आहेत. त्यांनी असंही दाखवलंय की वरच्या एक टक्क्यातही तेराव्या वर्षाच्या आतले गुण फरक पाडतात. त्यांतल्या वरच्या चतुर्थांशातल्यांनी खालच्या चतुर्थांशापेक्षा कितीतरी जास्त डॉक्टरेट आणि पेटंट मिळवली. तेव्हा "एका मर्यादेनंतर बुद्धीने फरक पडत नाही" हे आपण सर्रास म्हणतो ते या आकड्यांत टिकत नाही.

आणि इयत्ता गाळण्याबद्दल: सारख्याच कुवतीच्या मुलांची तुलना केली तेव्हा ज्यांनी इयत्ता गाळली होती त्यांनी विज्ञान-गणितात डॉक्टरेट मिळवण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती.

---

निशिगंध

थोडी सावधगिरी. टर्मनच्याच मुलांची जुनी माहिती वापरून मार्गारेट कर्न आणि हॉवर्ड फ्रीडमन यांनी २००९ मध्ये जे मांडलं ते याच्या उलट जातं. शाळेत फार लहान वयात घातलेल्या मुलांचं पुढचं एकूण शिक्षण तुलनेने कमी झालं, मध्यमवयात जुळवून घेणं कच्चं राहिलं आणि आयुष्यही काहीसं कमी निघालं. याच फ्रीडमन यांनी आधी दाखवलं होतं की १९२२ च्या सुमारास आईवडील आणि शिक्षकांनी ज्या मुलांना जबाबदार, काळजीपूर्वक वागणारं म्हटलं ती जास्त जगली.

आपल्याकडे पहिलीला लवकर घालण्यासाठी जी धडपड चालते ती पाहता हे सांगणं गरजेचं वाटलं.

---

अवनी

निशिगंध, फार बरं झालं हे आणलंत. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही गोष्टी एकमेकांना खोडत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला सहा-सात वर्षांच्या मुलांत बसवणं वेगळं. तिथे पेन्सिल धरता येणं, डबा संपवणं, आईला सोडून बसणं या सगळ्याला वय लागतं. शाळेत नीट रुळलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला एका विषयात पुढे सोडणं वेगळं.

याबद्दल मिराका ग्रॉस यांचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. १९८३ पासून त्यांनी १६० च्या वर बुद्ध्यंक असलेली साठ मुलं पाहिली. टर्मनसारखी नुसती प्रश्नावली नव्हे, घरोघरी, शाळोशाळी जाऊन. सतरा मुलांनी दोनहून अधिक इयत्ता ओलांडल्या, दहांनी एक किंवा दोन, आणि तेहेतीस मुलं आपल्या वयाच्या वर्गातच राहिली. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा पहिल्या गटातली बहुतेक मुलं कामात आणि मैत्रीतही समाधानी होती. वयाच्या वर्गात ठेवलेल्यांपैकी अनेकांना मित्र जोडणं आणि टिकवणंच अवघड गेलं, काहींनी शिक्षणही सोडलं. सासूबाईंची काळजी रास्त आहे, पण ज्या मुलीला आपल्या वयाच्या मुलींशी बोलायला विषय सापडत नाही ती त्यांच्यातही बुजतेच.

साठच मुलं आहेत, आणि ज्यांना पुढे जाऊ दिलं त्यांचे आईवडील-शिक्षक मुळातच जास्त समजूतदार असणार, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

---

रेवा

मुलींचा विषय निघालाच आहे तर. टर्मनच्या ६७२ मुलींचं काय झालं यावर कोणी बोललं नाही. 'अ' आणि 'क' गट केले ते फक्त पुरुषांचे! मध्यमवयात त्या बायकांपैकी सुमारे निम्म्या गृहिणी होत्या, नोकरी नाही. मुलग्यांइतक्याच बुद्धीच्या. १९७२ मध्ये, साठीच्या आसपास असताना, त्यांना आयुष्याबद्दल विचारलं, आणि पॉलिन सीअर्स आणि अॅन बार्बी यांनी ते १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं. ज्यांनी नोकरी-व्यवसाय केला होता त्यांनी कामाच्या बाबतीत अधिक समाधान सांगितलं.

माझी आजी जुन्या सातवीच्या परीक्षेत पहिली आली होती आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. तिला आयुष्यभर दुकानदाराचा हिशेब तोंडी तपासताना पाहिलंय. टर्मनच्या त्या ६७२ मुली निदान कुठेतरी नोंदवल्या गेल्या. बुद्ध्यंक एकच असताना मुलगी म्हणून वाट वेगळी होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला कुठे दिसलेला नाही, आणि सई_आई, तुमच्या नवऱ्याला मुलीला पुढे न्यावंसं वाटतंय ही फार चांगली गोष्ट आहे.

---

पिंपळपान

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नको व्हायला. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच, आणि १९६९ मध्ये प्रशाला. चाचणी घेऊन प्रवेश, आणि बुद्धी समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे हा आग्रह. हा दुसरा भाग मला टर्मन किंवा स्टॅन्ली यांच्याकडे दिसत नाही. तिथे यशाची मोजमापं म्हणजे पदवी, पेटंट, पगार. खेड्यात जाऊन पाण्याचं काम करणारा इंजिनियर टर्मनच्या 'अ' गटात बसला असता का, याची मला शंका आहे.

---

मास्तर_कोल्हापूर

पिंपळपान, +१. हेच मला म्हणायचं होतं.

अवनीताई, तुम्ही विचारलंत म्हणून. तो मुलगा आता सहावीत आहे. या वर्षी जाताना त्याच्याबरोबर गणिताची वही दिली आणि कारखान्याजवळच्या शाळेतल्या गुरुजींना फोन केला. दर आठवड्याला एक पान सोडवून तो माझ्या फोनवर फोटो पाठवतो, त्याच्या काकांच्या मोबाइलवरून. भागाकार अजून विसरलेला नाही.

---

सई_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. इयत्ता गाळण्याचं सध्या बाजूला ठेवतोय. शाळेला विचारणार आहोत की गणिताच्या तासाला फक्त तिला सहावीत बसू द्याल का. पण शाळा विचारेल की तिला सहावीचं येतं हे कशावरून. काय दाखवू?

---

दूरदेशी

स्टॅन्ली यांची पद्धतच वापरा. पाचवीचा वार्षिक पेपर द्या, कोणतीही मदत न करता. तो पूर्ण बरोबर आला तर सहावीचा. जिथे चुका सुरू होतील तिथे थांबा आणि त्या चुकाच घेऊन बसा. जे येतं ते पुन्हा शिकवायचं नाही, जे येत नाही तेवढंच शिकवायचं आणि मग पुन्हा तपासायचं. ते पेपर शाळेला दाखवा. बुद्ध्यंकाचा अहवाल न्यायची गरज नाही.

---

शर्वरी_मानस

आणि पेपर द्यायच्या आधी तिला स्वतःला विचारा की सहावीत बसायला आवडेल का. पेपर कशासाठी आहे हेही सांगा. तिच्या मैत्रिणी पाचवीत असतील तर बाकीचे तास आणि डबा त्यांच्याबरोबरच राहील, हे आधीच स्पष्ट करा.

---

सई_आई

विचारलं. "फक्त गणिताला का, विज्ञानाला पण जाऊ का?" म्हणाली. रविवारी पाचवीचा पेपर देतेय तिला. काय झालं ते इथेच लिहीन.